साकु

फ्रिजच्या दारात, लिंबांच्या शेजारी,
रेणकानं एक कप्पा रिकामा केलाय.
तिथं आता पेन राहतं.
ह्या पेनानं काही लिहायचं नसतं.
दर सोमवारी बेंबीपासून चार बोटं सोडून
पोटाची चिमूट धरायची, टेकवायचं,
दहापर्यंत मोजायचं.
सुई म्हणाल तर बासमतीच्या टोकाएवढी.
पहिल्या सोमवारी मी डोळे गच्च मिटले
तर ही म्हणाली, "झालं की ओ, कवाच झालं."

खडेबाजारामागच्या बोळात मी कुंदा करतो.
तीस वर्षं.
दूध आटत गेलं, मी दाटत गेलो.
एकशे अठरा किलो.
जिना चढताना गुडघे
दोन्ही भाषांत शिव्या द्यायचे.

डॉक्टर अन्नपूर्णा होसमनी
(नाव बघा, आणि काम बघा)
पावतीच्या पाठीवर आतडं काढून
अर्धं मराठी अर्धं कन्नड सांगत होत्या:
जेवण खाली उतरलं की इथून निरोप निघतो,
रक्तातनं वर, डोक्याकडं.
काय म्हणतो? साकु म्हणतो.
पण हा निरोप्या अल्पायुषी,
दोन मिनिटांत विरघळतो.
औषधातला त्याच्याच वळणाचा,
फक्त आठवडाभर दारात उभा राहतो.

साकु.
आमच्या घरात ह्या शब्दाला पाट नव्हता.
आम्ही "घे की अजून" म्हणतो,
"एवढंच?" म्हणतो,
"राहिलंय थोडं, संपवून टाक" म्हणतो.
ताटावर हात आडवा धरला
तरी आई बोटांच्या फटीतनं वाढायची.
तर शब्द शेजारच्या भाषेतनं आणावा लागला,
जसं अडीनडीला विरजण.

बाईंनी खूप विचारलं.
घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर? पित्ताचे खडे?
मात्रा हळूहळू वाढेल, घाई नाही.
पोटातली कळ पाठीत गेली
तर रात्री बारालाही फोन करा.
डाळ, अंडी सोडू नका, चाला,
नाहीतर चरबीबरोबर ताकदही जाईल.
आणि औषध सोडलं तर भूक परत येते.
ती पत्ता विसरत नाही.

मळमळ दुसऱ्या आठवड्यात आली.
दूध तांबूस व्हायला लागलं, आणि त्या वासानं
मी उलथनं भरमाच्या हातात देऊन
बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा.
कुंद्याला घड्याळ नसतं, जीभ असते.
माझी जीभ दाणा धरायच्या आधीच साकु म्हणाली.
एकोणीस वर्षांचा पुतण्या, चमचा घेऊन बघतोय:
"काका, झालं काय?"
"तूच सांग."
त्यानं सांगितलं. जरा लवकरच सांगितलं.
तो घाणा फिका गेला.
गिऱ्हाइकं काही बोलली नाहीत, एक सोडून.

शहापूरच्या सातेरीनं बिनचिठ्ठीचं पेन
कुणाकडनं तरी मिळवलं, एकदम मोठी मात्रा टोचली,
तीन दिवस सलाईनवर.
आता म्हणतो, औषधच वाईट.

सात महिने. एकवीस किलो.
लोक हळू आवाजात विचारतात,
"बरं नाही काय ओ?"
मी "चालतो रोज" म्हणतो. चालतोही.
पेनाचं सांगत नाही.
जाड होतो त्याची लाज संपली
आणि ही नवी कुठनं आली, कळत नाही.

काल रात्री रेणका भात घेऊन आली,
पळी ताटावर धरून थांबली.
तीस वर्षं तिनं मला अंदाजानं वाढलं,
आता तिचा अंदाज चुकतो.
उरलेलं ती सकाळी फोडणी देऊन
उभ्याउभ्या एकटीच खाते, मला माहीत आहे.
माझ्या ताटात अर्धी भाकरी.
मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली,
"साकु?"
आणि पळी तशीच धरून राहिली.